पीएचपी रिफ्लेक्शन : क्लासच्या प्रॉपर्टी तपासताना

प्रश्न : रिफ्लेक्शन म्हणजे कोड चालू असताना क्लासची रचना तपासण्याची पीएचपीची सोय. तिचा रिफ्लेक्शनक्लास वापरून गेटप्रॉपर्टीज() केलं, पण पेरेंट क्लासमधली (ज्याचा वारसा घेतला त्या क्लासमधली) प्रायव्हेट, म्हणजे फक्त त्याच क्लासपुरती असलेली प्रॉपर्टी यादीत येत नाही.

येणारही नाही. गेटप्रॉपर्टीज() त्या क्लासमध्ये लिहिलेल्या सगळ्या प्रॉपर्टी देतं. वारशाने आलेल्यांपैकी मात्र पब्लिक (सगळीकडे खुल्या) आणि प्रोटेक्टेड (क्लास व त्याच्या वारसांपुरत्या) एवढ्याच. प्रायव्हेट हवी असेल तर गेटपेरेंटक्लास() फॉल्स देईपर्यंत एकेक पायरी वर चढा. वरच्या प्रत्येक पायरीवर इज_प्रायव्हेट हा फिल्टर लावा, नाहीतर पब्लिक-प्रोटेक्टेड पुन्हा पुन्हा गोळा होतील. अ‍ॅरेची की नुसत्या नावाची ठेवू नका. चाइल्ड आणि पेरेंट दोघांतही प्रायव्हेट ‘आयडी’ असू शकते; त्या दोन स्वतंत्र प्रॉपर्टी आहेत आणि एक दुसरीला पुसून टाकेल. गेटडिक्लेअरिंगक्लास() मधून मिळणारं क्लासचं नाव कीमध्ये जोडा.

चालू कोडमध्ये ऑब्जेक्टला बाहेरून चिकटवलेली डायनॅमिक प्रॉपर्टीही इथे दिसत नाही, कारण ती क्लासच्या व्याख्येत नसते. तिच्यासाठी रिफ्लेक्शनऑब्जेक्ट. अर्थात पीएचपी 8.2 पासून अशा प्रॉपर्टीवर डेप्रिकेशनची (‘हे पुढे बंद होणार’ अशी) सूचना येते, तेव्हा ती क्लासमध्ये रीतसर लिहिलेली बरी.

प्रश्न : प्रॉपर्टीचा टाइप ‘?स्ट्रिंग’ आहे. तरी गेटव्हॅल्यू() नल न देता एरर फेकतं. का?

प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘नल चालेल’ एवढाच. ‘सुरुवातीला नल आहे’ असा नाही. 7.4 पासून टाइप दिलेली प्रॉपर्टी डीफॉल्ट किंमत नसेल तर रिकामीसुद्धा नसते, ती अन-इनिशियलाइज्ड (कोणतीच किंमत न मिळालेली) असते. टाइप न दिलेली जुनी प्रॉपर्टी आपोआप नल व्हायची, म्हणून ही गफलत वारंवार होते. वाचण्याआधी इजइनिशियलाइज्ड() ला ऑब्जेक्ट देऊन विचारा. न्यूइन्स्टन्सविदाउटकन्स्ट्रक्टर() ने ऑब्जेक्ट बनवत असाल तर हे हटकून करा: कन्स्ट्रक्टर चाललेलाच नसतो, त्यामुळे प्रमोट केलेली (कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमध्येच जाहीर केलेली) एकही प्रॉपर्टी भरलेली नसते.

प्रमोट केलेल्या प्रॉपर्टीची डीफॉल्ट किंमत गेटडीफॉल्टव्हॅल्यू() ला विचारून उपयोग नाही, नल मिळतं. ती किंमत कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरची असते, तिथेच शोधा.

प्रश्न : प्रायव्हेट प्रॉपर्टी वाचण्याआधी सेटअ‍ॅक्सेसिबल(ट्रू) लिहावं लागतं का?

8.1 पासून नाही. ती ओळ काहीच करत नाही. 8.0 किंवा त्याआधीची आवृत्ती सांभाळायची असेल तरच ठेवा.

प्रश्न : टाइपचं नाव काढणारा कोड काही क्लासवर ‘अनडिफाइन्ड मेथड गेटनेम’ म्हणून कोसळतो.

तिथे ‘इंट|स्ट्रिंग’सारखा युनियन टाइप (दिलेल्यांपैकी कोणताही एक चालेल असा) असणार. गेटटाइप() चार प्रकारे उत्तर देऊ शकतं: टाइपच नसेल तर नल, साध्या टाइपला रिफ्लेक्शननेम्डटाइप, 8.0 पासून रिफ्लेक्शनयुनियनटाइप आणि 8.1 पासून रिफ्लेक्शनइंटरसेक्शनटाइप (दिलेले सगळे टाइप एकदम लागू असतील तर). गेटनेम() फक्त नेम्डटाइपकडे असतं. बाकी दोघांना गेटटाइप्स() विचारा, आणि फंक्शन रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) ठेवा, कारण 8.2 पासून युनियनच्या पोटात इंटरसेक्शन असू शकतं. ‘स्ट्रिंग|नल’ मात्र नेम्डटाइप म्हणूनच येतं. तिथे अलाउजनल() तपासा.

प्रश्न : क्लास किंवा प्रॉपर्टीवरची डॉक कमेंट वाचणारं गेटडॉककमेंट() लॅपटॉपवर नीट चालतं, सर्व्हरवर फॉल्स देतं.

सर्व्हरवर ऑपकॅशचं (तयार झालेला पीएचपी कोड साठवून ठेवणाऱ्या कॅशचं) सेव्ह_कमेंट्स हे सेटिंग 0 केलेलं आहे का ते पाहा. तसं असेल तर कॅशमध्ये कमेंट उरतच नाहीत. सेटिंग 1 करून पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करा. नव्या कोडमध्ये ही माहिती कमेंटमध्ये लिहूच नका, 8.0 चे अ‍ॅट्रिब्यूट (कोडलाच जोडलेल्या माहितीच्या खुणा) वापरा. त्यांच्यावर या सेटिंगचा परिणाम होत नाही. एक सावधगिरी: गेटअ‍ॅट्रिब्यूट्स() अ‍ॅट्रिब्यूटचा क्लास अस्तित्वात आहे का हे पाहत नाही, त्यामुळे नावातली चूक न्यूइन्स्टन्स() बोलावल्यावरच उघडी पडते.