लातूरला नीटच्या क्लासला असलेली माझी मुलगी जेवतच नाही, वजन ३७ किलोवर आलंय. कोणाला दाखवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांत ती ५० वरून ३७ किलोवर आली, चार महिने पाळी नाही, आणि विचारलं की एकच उत्तर: ‘पोट गच्च होतं, जेवण पुढं सरकत नाही.’ गॅसच्या गोळ्या झाल्या, बाहेरचंही बघून झालं. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच प्रॅक्टिस करते. मला हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा वाटतो, म्हणजे माणूस खाणं तोडत जातो असा मनाचा आजार. तिला आजच होस्टेलवरून घेऊन या. टेस्ट सिरीज बुडाली तर बुडू द्या.

आधी फिजिशियनकडे न्या. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, साखर, पोटॅशियम, फॉस्फरस, थायरॉईड. टीबीसुद्धा बघायला सांगा. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल किंवा चक्कर येऊन पडत असेल, तर ॲडमिट करावंच लागेल. रिपोर्ट नॉर्मल आले आणि कुणी ‘नाटक करतीय’ म्हणालं, तर मनावर घेऊ नका. या आजारात रक्ताचे रिपोर्ट बरेच दिवस चांगले दिसतात.

मागे अशीच एक मुलगी आली होती. आईनं डबा आणला होता, मी म्हटलं इथंच जेवा. पोरीनं चतकोर भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे केले, वीस मिनिटं वरणात फिरवले, दोन-तीन हळूच ओढणीत गेले. आणि हीच पोर रात्री मोबाइलवर पुरणपोळीचे व्हिडिओ बघत बसायची. आईला ती लबाडी वाटली. पण १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हा तेही असेच घासाशी खेळत बसायचे, पाककृतींची पुस्तकं जमवायचे, चिडचिडे आणि उदास झाले होते. म्हणजे तुम्हाला तिचा हट्ट वाटतो त्यातला बराचसा भाग उपासमारीनंच आलेला असतो. म्हणून समजावण्याआधी अन्न पोटात जायला हवं.

पोट गच्च होतं हेही खोटं नाही. उपाशी राहून जठर मंदावतं, चार घासांनीच भरल्यासारखं होतं. नियमित खाणं सुरू झालं की हळूहळू सुटतं. ‘मी जाड आहे’ असं ती म्हणत नाही, म्हणून हा आजार नाही असं कुणी सांगेल. हाँगकाँगच्या डॉ. सिंग ली यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं, की जाडीची भीती न बोलता फक्त पोटाची तक्रार करणारे रुग्णही असतात. आपल्याकडं तर गुरुवार, चतुर्थी, एकादशी अशा उपवासांआड महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक मात्र कळकळीनं सांगते. घाबरून पहिल्याच दिवशी डिंकाचे लाडू, तूप, वर ग्लुकोजची सलाईन असा मारा करू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस पेशींमध्ये ओढलं जातं, त्याची पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकतं. डॉक्टर आधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१) देतात, मग रक्त तपासत तपासत खाणं वाढवतात.

पुढचं काम तुमचं. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात घडलेली पद्धत या वयाला सगळ्यात चांगली लागू पडते: काही महिने काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, आणि प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात. वजन वाढवणारी खात्रीची गोळी नाही. ताट वाढा, सोबत जेवा. वजनाचा, नीटचा, शेजारच्या पोरीचा विषय ताटावर नको. ‘एवढा घास घे बाळा, मी बसलीय इथं’ एवढंच. जेवल्यावर तासभर एकटी सोडू नका, कारण काही पोरी बाथरूममध्ये जाऊन उलटी काढतात. त्यानं पोटॅशियम घसरतं. आजीला आधीच सांगून ठेवा, ‘कशी वाळलीस गं’ म्हणायचं नाही.

जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. होस्टेलवर परत कधी पाठवायचं ते तिचं वजन, नाडी आणि पाळी बघून ठरवू. तोवर तिची गादी घरीच असू द्या.