सहावी आकृती आली म्हणून धसका घेऊ नका

ताई, आई गेल्यानंतर तिच्या दागिन्यांच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तुमचं बोलणं तुटलं. वकिलाची नोटीस पाठवावी का, हे तुम्ही आय चिंगला विचारलंत, म्हणजे नाणी टाकून कौल घ्यायच्या जुन्या चिनी ग्रंथाला; त्यात सहा-सहा रेघांच्या चौसष्ट आकृती आहेत आणि प्रत्येकीला वचनं आहेत. सहावी आकृती आली, त्यात ‘शेवटी अशुभ’ वाचून घाबरलात आणि आणखी दोनदा नाणी टाकलीत. आता तिन्हींतलं खरं कुठलं धरायचं, असं विचारताय.

पहिलं धरा, बाकीची दोन सोडून द्या. याच ग्रंथातली चौथी आकृती ‘मंग’ बजावते की पहिल्यांदा विचाराल तर सांगेन. दोन-तीनदा विचारणं हा अनादर, त्याला उत्तर नाही. मनासारखं येईस्तोवर नाणी टाकायची सवय मलाही होती, ती मोडायला फार दिवस गेले.

तुमची सहावी आकृती म्हणजे ‘सुंग’. वर आकाश, खाली पाणी; एक वर जातं, दुसरं खाली वाहतं. या चिनी अक्षराचे दोन भाग आहेत, एक ‘बोलणं’ आणि दुसरा ‘सार्वजनिक’. चव्हाट्यावर आलेला वाद, कोर्टकज्जा. तुम्ही नोटिशीचं विचारलंत आणि समोर कज्जाच आला! तिचं मूळ वचन पुन्हा सावकाश वाचा: सच्चेपणा आहे पण वाट अडली आहे, जपून राहा. मध्यावर शुभ, शेवटी अशुभ. थोर माणसाला भेटणं हिताचं, मोठी नदी ओलांडणं हिताचं नाही.

‘शेवटी अशुभ’ हे तुम्ही भावाबहिणीच्या नात्याचं भाकीत समजलात. ते वादाबद्दल आहे: तो शेवटपर्यंत ताणला तर. तुमची बाजू खोटी आहे असं ग्रंथ कुठेही म्हणत नाही, उलट सुरुवातच सच्चेपणापासून करतो, आणि तरीही मध्यावर थांबायला सांगतो. सगळ्यात खालची रेघ म्हणते, प्रकरण लांबवू नका, थोडी बोलाचाली होईल पण शेवट चांगला. सगळ्यात वरची रेघ जिंकलेल्याची आहे: मानाचा कातडी पट्टा मिळेलही, पण सकाळ सरायच्या आत तीनदा काढून घेतला जाईल. मला ही ओळ दर वेळी टोचते. ‘थोर माणूस’ म्हणजे मी तुमच्या बाबतीत असा वडीलधारा धरेन, ज्याचा शब्द तुम्ही आणि भाऊ दोघंही मोडत नाही. मामा असतील, मावशी असेल. नोटीस ही मोठी नदी.

एक जुनी हकीकत सांगतो, कारण ती मला प्रत्येक भांडणात आठवते. इ. स. पूर्व ५३० मध्ये चीनमधल्या लू राज्यात एका सरदार घराण्याचा नान ख्वाइ नावाचा कारभारी होता. घराण्याच्या नव्या प्रमुखाने आपला मान ठेवला नाही, हा त्याचा सल. त्याने बंड करायचं ठरवून याच ग्रंथाचा कौल घेतला आणि ‘पिवळं वस्त्र, परम शुभ’ अशी ओळ आली. तो खूश. पण त्याने ज्याला ती दाखवली त्या जाणत्याने सांगितलं, काम निष्ठेचं आणि विश्वासाचं असेल तरच हे शुभ, नाहीतर तू बुडशील. असल्या धोक्याच्या बेतासाठी हा ग्रंथ नाही. नान ख्वाइने ऐकलं नाही. दोन वर्षांत त्याच्याच गावच्या लोकांनी त्याला हाकललं, तो शेजारच्या छी राज्यात पळाला. ओळ खरीच होती, विचारणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर ती फिरली. म्हणून नाण्यांकडे जायच्या आधी स्वतःला विचारा: मला आईची पाटली हवी आहे, की भावाने चूक कबूल केलेली हवी आहे?

आणि हो, दागिने परस्पर विकले जातील अशी खरी भीती असेल किंवा कायद्याची मुदत चालू असेल, तर ते वकिलालाच विचारा. त्यात नाणी आणू नका.

माझं म्हणाल तर, चुलतभावाशी बांधावरून सात वर्षं अबोला होता. तेव्हा मला अडतिसावी आकृती आली होती, ‘ख्वेइ’, म्हणजे फाटाफूट. तिच्या वरच्या रेघेत एकाकी माणसाला चिखलाने माखलेलं डुक्कर दिसतं, भुतांनी भरलेली गाडी दिसते. तो धनुष्य ताणतो, मग खाली ठेवतो, कारण आलेले लोक लुटारू नसतात, सोयरीक घेऊन आलेले असतात. मी भुतंच बघत होतो. सरकारी मोजणी झाली, बांध होता तिथेच निघाला. माझी सात वर्षं गेली ती गेली.

त्याच आकृतीत म्हटलं आहे, छोट्या कामात शुभ. तर नोटीस महिनाभर बाजूला ठेवा आणि भावाला एक फोन करा. आईचं वर्षश्राद्ध कुणाकडे करायचं, एवढंच विचारा. दागिन्यांचा विषय त्या फोनवर काढू नका, त्याने काढला तरी.