गिल्ड आणि युद्धनौका: नक्की नातं काय असतं?

ब्रिटनमध्ये गिल्ड, म्हणजे एखाद्या धंद्यातल्या कारागीर-व्यापाऱ्यांची जुनी संघटना, एखाद्या युद्धनौकेशी नातं जोडते. मग गिल्ड जहाजाचा खर्च उचलते का, आणि जहाजावर तिचा काही हक्क असतो का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर नाही. जहाज सरकारचं, हुकूम नौदलाचा. गिल्डच्या वाट्याला येतं ते येणंजाणं, भेटवस्तू, जेवणावळी आणि थोडा मिरवायचा मान.

इंग्लंडमधल्या शेफिल्डचं बघा. समुद्रापासून आत असलेलं गाव, तिथे युद्धनौका येणारच नाही. सुऱ्या, कात्र्या, विळे करणाऱ्यांची 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' तिथे १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. तिचा प्रमुख तो मास्टर कटलर. गावात अजूनही बडी असामी.

१९३६ मध्ये 'एचएमएस शेफिल्ड' ही ब्रिटिश नौदलाची क्रूझर (एक प्रकारची युद्धनौका) पाण्यात उतरली. एरवी पितळेच्या असतात त्यातल्या बऱ्याच वस्तू हिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या होत्या, घंटासुद्धा. ही शेफिल्डच्या पोलादवाल्यांची भेट. त्यात जाहिरात होतीच म्हणा. हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद काढलं ते याच गावात. पण खलाशांची पितळ घासायची कटकट वाचली आणि जहाजाला टोपणनाव पडलं 'शायनी शेफ'. हीच क्रूझर १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या मागावर होती, तेव्हा स्वकीयांच्याच विमानांनी चुकून तिच्यावर टॉर्पेडो सोडले होते. नशिबाने एकही लागला नाही.

१९६७ मध्ये ती भंगारात निघाली. तिची घंटा शेफिल्डच्या कॅथीड्रलमध्ये आहे. सांगाडा मोडला तरी नाव पुढच्या जहाजाला मिळतं आणि त्यामागोमाग गावाचं नातंही जातं, ही यातली खरी गोम. दुसरी 'शेफिल्ड' ही विनाशिका. ४ मे १९८२ रोजी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धात तिला एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं, २० जण गेले. अशा वेळी हे प्रकरण जेवणावळींपुरतं राहत नाही. तिसरी २००३ मध्ये चिलीला विकली. तिथे ती 'अल्मिरांते विल्यम्स' झाली. 'शेफिल्ड' हे नाव मात्र ब्रिटनकडेच राहिलं, आता ते टाइप २६ वर्गातल्या एका फ्रिगेटला दिलंय.

आपल्याकडे अशी जोडी बहुधा लष्कराच्या रेजिमेंटशी लावतात. 'आयएनएस राजपूत' ही राजपूत रेजिमेंटशी संलग्न होती. २०२१ मध्ये ती निवृत्त झाली.