हौसेला मोल नसतं, हप्ता मात्र असतो

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, नागपुरात आयटीत नोकरी. सहा वर्षं अमेरिकेत पोर्टलंडला होतो, तिथे गॅरेजमध्ये बिअर करायचा नाद लागला. आता त्रिमूर्तीनगरच्या घरी गच्चीवरच्या खोलीत त्यासाठी स्वतंत्र ब्रुअरी करायची आहे. फक्त घरच्यापुरती, विकायची नाही. खर्च ९ लाख ४० हजार. त्यातले ३ लाख ४० हजार एफडी मोडून आणि ६ लाख गृहकर्जावर टॉप-अप घेऊन, साडेनऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हातात पगार १ लाख ४५ हजार, गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च ९५ हजार, एसआयपी २५ हजार. एफडी एकूण ६ लाख, म्युच्युअल फंडात ११ लाख. मुलगी सातवीत, वडील ७४ वर्षांचे, त्यांचा आरोग्यविमा नाही. सध्या बिअरवर महिन्याला ६ हजार जातात, घरी केली तर २ हजारांत भागेल. बायकोचं म्हणणं, आधी गच्ची गळते ती बघा. काय करावं?

उत्तर: करू नका. तुमचं पत्र वाचताना मजा आली हे आधी कबूल करतो. अंदाजपत्रक तर इतकं नेटकं आहे की आमच्या ऑफिसात येणाऱ्या निम्म्या लोकांनी घर बांधतानाही एवढं केलेलं नसतं. खोलीचं काम ३ लाख ६० हजार, परदेशातून मागवायची भांडी आणि यंत्रं ४ लाख ३० हजार, केग म्हणजे बिअर साठवायची स्टीलची पिंपं आणि त्यांचा फ्रीज १ लाख १० हजार, किरकोळ ४० हजार. नळीच्या क्लॅम्पपर्यंत सगळं मांडलंय. फक्त सगळ्यात वरची ओळ राहिली आहे, परवान्याची.

‘विकणार नाही, मग लायसन्स कशाला’ हे तुमचं वाक्य अमेरिकेत बरोबर होतं. तिथे १९७८ साली संसदेनं कायदा करून घरगुती बिअरला मोकळीक दिली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, करमुक्त. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं तर सोडाच, ब्रुअरी उभारणं हेसुद्धा निषिद्ध आहे, आणि त्या कामासाठी भांडीकुंडी, साहित्य जवळ बाळगणं कलम ६५ खाली गुन्ह्यात येतं. विकली की प्यायली, हा प्रश्न नंतरचा. तुमच्याकडे पिण्याचा परवाना असेल, तो पिण्याचाच. राज्य उत्पादन शुल्कवाले उद्या जिना चढून आले तर तुमची चकचकीत स्टीलची शंकूच्या बुडाची टाकी आणि मोहफुलांची हातभट्टी यांत कायद्याला फरक दिसणार नाही. मायक्रोब्रुअरीचा, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर करून तिथेच विकण्याचा, परवाना मिळतो, पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, पण तो धंद्याचा परवाना. घराच्या गच्चीसाठी नाही. वर्ध्याचा मेहुणा दर महिन्याला आवर्जून येईल असंही तुम्ही लिहिलंय. येईलच, त्याच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण जाताना त्याच्या डिकीत चार बाटल्या ठेवल्या तर तुमच्याबरोबर तोही अडकेल.

मी वकील नाही, आणि नीतीचा तास घ्यायला बसलेलो नाही. पैशाच्या बाजूनं याचा अर्थ एवढाच की ९ लाख ४० हजार घालून तुम्ही अशी वस्तू उभी करताय जी उघडपणे वापरता येत नाही, विकता येत नाही आणि जिथे काही जळलं-बिळलं तर घराच्या विम्याचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. तुमची नोकरी पार्श्वभूमी तपासणारी आहे, एक गुन्हा दाखल होणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. मग हिशेब जमतो का? तोही जमत नाही, आणि इथे घोळ नागपूरच्या उन्हाचा आहे. पुण्यात मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्या एका ओळखीच्याला तुमचं अंदाजपत्रक नाव काढून दाखवलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘गार कशानं करणार?’ माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, रस तासभर उकळल्यावर तो लवकरात लवकर २० अंशांच्या आसपास आणून मग त्यात यीस्ट टाकायचं असतं. पोर्टलंडला नळाचं पाणीच गार, तांब्याच्या वेटोळ्यातून सोडलं की काम झालं. तुमच्या खोलीशेजारी गच्चीवर काळी टाकी आहे. मे महिन्यात पारा ४५ वर असताना त्या टाकीच्या पाण्यानं दुपारी हात धुवावेसे वाटत नाहीत. ज्या पाण्यानं गार करायचं तेच चाळिशीत असेल तर रस त्याच्या खाली उतरणार कसा? बर्फाच्या लाद्या आणा, नाहीतर ग्लायकॉलचा चिलर, म्हणजे थंड द्रव फिरवून गार करणारं यंत्र, घ्या. तुमच्या यादीत चिलर नाही.

पुढे दहा-पंधरा दिवस ते सगळं १८ ते २२ अंशांत ठेवायचं, रात्रंदिवस. आंबताना रस स्वतःही तापतो. वर तापलेला स्लॅब, आत एसी, आणि आंबवणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत कोंडू नये म्हणून एक्झॉस्ट, जो एसीची गार हवा बाहेर फेकणार. या सगळ्याचं वीजबिल तुम्ही शून्य धरलंय! उन्हाळ्यात बंद ठेवू म्हणाल, तर वर्षातले तीन-चार महिने यंत्रं नुसती उभी आणि हप्ता चालू.

हप्ता किती? ६ लाखांना महिन्याला साधारण १२,६०० रुपये. पाच वर्षांत व्याजच १ लाख ५६ हजारांच्या घरात. तुमच्याच आकड्यांनी बचत महिन्याला ४ हजार. वीज, दुरुस्ती, फसलेले घाणे काहीच धरलं नाही, तरी ९ लाख ४० हजार वसूल व्हायला साडेएकोणीस वर्षं लागतात; व्याज मिळवलं तर जवळजवळ तेवीस. सातवीतल्या मुलीचं लग्न होऊन जाईल आणि तुमची बिअर अजून तोट्यात असेल.

आता खरं सांगायचं तर हौसेला असा हिशेब लावूच नये. कुणी कॅमेऱ्यावर उडवतं, कुणी ताडोबाच्या सफारींवर. त्याला परतावा विचारणारा सल्लागार मला स्वतःलाही आवडणार नाही. पण तुम्ही हौस म्हणून न मांडता बचत म्हणून मांडलंय, बहुधा घरात पटवायला. त्या जागी ‘मला हे आवडतं आणि त्यासाठी इतके पैसे जातील’ एवढं लिहिलं असतंत, तर वहिनींशी बोलणंही सोपं झालं असतं असं मला वाटतं.

आणि हौस कर्जावर करायची नाही. हप्ता झेपेल, तुमच्या हातात महिन्याला २५ हजार उरतात. अडचण एफडीची आहे. ६ लाखांतून ३ लाख ४० हजार काढले की २ लाख ६० हजार राहतात. ९५ हजारांच्या घरखर्चाला ते तीन महिनेही पुरत नाहीत, टॉप-अपचा हप्ता वेगळाच. आयटीत सध्या नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी मिळेल असं मी कुणालाच धरायला सांगत नाही, त्यातून नागपुरात. शिवाय टॉप-अपच्या अर्जात ‘घरदुरुस्ती’ लिहून त्या पैशांची यंत्रं मागवायची, हेही मनातून काढून टाका.

खोलीच्या ३ लाख ६० हजारांकडे मात्र वेगळं बघा. त्यातलं वॉटरप्रूफिंग, छताचं उष्णतारोधक काम, फरशीला नहाणीकडे उतार, जाड वायरिंग हे घराबरोबर राहणारं आहे. उद्या खोली भाड्यानं दिली, मुलीला अभ्यासाला दिली, तरी कामाचं. यंत्रांचं तसं नाही. पोर्टलंडहून निघताना तुमचा जुना संच एका शनिवार-रविवारी विकला गेला, कारण तिथे घेणारे रीतसर होते. इथे तो घेणार कोण? भंगारवाला, स्टीलच्या किलोच्या भावानं.

म्हणून वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी करून घ्या, बायको बरोबर बोलतेय. महिन्याच्या शिलकीतून आणि येणाऱ्या बोनसमधून ते होईल, एफडीला हात न लावता. बाकी खोली सवडीनं.

दुसरं काम वडिलांचं, आणि हे तुमच्या पत्रातल्या एका ओळीत दडलेलं सगळ्यात महागडं प्रकरण आहे. ७४ व्या वर्षी एक हृदयाचं ऑपरेशन म्हणजे तुमची ब्रुअरी उभी राहील एवढं बिल होऊ शकतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. त्याचं वय वंदना कार्ड आधारवर निघतं. ते या आठवड्यात काढा, घराजवळची कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते बघून ठेवा, आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील घालता येतात का ते एचआरला विचारा.

मग बिअरचं काय? महिन्याला ६ हजारांची आरडी फक्त या नादासाठी उघडा. दोन वर्षांत व्याजासकट दीड लाखाच्या आसपास जमतील. तिकीट वेळेवर काढलं तर एका माणसाचं पोर्टलंडला जाणं-येणं निघावं. तिथे जुन्या मित्राच्या गॅरेजमध्ये हवे तेवढे घाणे काढा. आणि कधी परवान्यासह, भागीदार घेऊन, मायक्रोब्रुअरीचा धंदाच करायचा विचार आला, तर वेगळं पत्र लिहा. त्याला भांडवल, जागा, हॉटेल चालवायची तयारी सगळंच निराळं लागतं आणि तिथे माझं उत्तर कदाचित इतकं पटकन नकाराचं नसेल.

यंत्रांच्या डीलरला तुम्ही ४० हजार ॲडव्हान्स देणार होता, कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे म्हणालात. दिला नसेल तर थांबा. दिला असेल तर माल रवाना व्हायच्या आत ऑर्डर रद्द करत असल्याचा ईमेल टाका, फोनवर भागवू नका, आणि कापून जे मिळेल ते घ्या.