पोथीचं कातडं

कार्डिफहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. तिथल्या काही मराठी कुटुंबांची सहल अ‍ॅबरिस्टविथला, वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाणार आहे. तिथला हेंगुर्ट-पेन्यार्थ संग्रह बघायचा आहे आणि मुलांसाठी मराठीत एक माहितीपत्रक काढायचं आहे. त्यात या जुन्या ग्रंथांना 'पांडुलिपी' म्हणावं, 'दप्तर' म्हणावं की 'पोथ्या'? शिवाय 'जतन' बरोबर की 'संवर्धन'? आणि वेल्श नावं देवनागरीत कशी लिहायची?

ताई, पहिल्या शब्दावर आधी काट मारा. गेल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांना या 'पांडुलिपी'ची लागण झाली आहे. हिंदी बातमी समोर ठेवायची, 'है'चं 'आहे' करायचं, मधले शब्द तसेच राहू द्यायचे. त्यावर कोणीतरी ठोकून देतो की जुन्या पानांचा रंग पांडुरका होतो म्हणून पांडुलिपी! वा. मग भिंतींनाही पांडुलिपी म्हणा. पांडुलेख म्हणजे खडूने केलेलं कच्चं लिखाण. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत न्यायालयात फिर्याद कशी नोंदवायची ते सांगताना वचन येतं: 'पाण्डुलेखेन फलके ततः पत्रे विशोधितम्'. आधी खडूने फळ्यावर लिहायचं, मग दुरुस्त करून पत्रावर उतरवायचं. थोडक्यात, पांडुलिपी म्हणजे आपला खर्डा. हिंदीवाल्यांनी तिचा अर्थ वाढवला, ती त्यांची मर्जी. पण तेराव्या-चौदाव्या शतकात कोणा लेखनिकाने महिनोन्‌महिने मान मोडून सजवलेल्या ग्रंथाला आपण मराठीत खर्डा म्हणायचं, हे काही मला झेपत नाही.

संग्रहाबद्दल ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, म्हणून इतर वाचकांपुरतं सांगतो. सतराव्या शतकात उत्तर वेल्समध्ये डोल्गेल्हाईजवळच्या हेंगुर्ट नावाच्या वाड्यात रॉबर्ट व्हॉन हा खानदानी जमीनदार राहत होता. १६६७ साली वारला. त्याने आयुष्यभर वेल्श ग्रंथ गोळा केले. जॉन जोन्स नावाचा एक नकलनवीस त्याचा समकालीन. हा कर्जापायी लंडनच्या फ्लीट तुरुंगात वर्षानुवर्षं अडकला आणि तिथे बसून सुंदर अक्षरात जुन्या ग्रंथांच्या नकला करत राहिला. त्याचाही ठेवा पुढे व्हॉनकडे आला. १८५९ साली मृत्युपत्राने हा सगळा संग्रह पेन्यार्थच्या विन घराण्याकडे गेला, तिथून सर जॉन विल्यम्स या राजवैद्याने तो विकत घेतला आणि १९०९ साली अ‍ॅबरिस्टविथच्या नव्या ग्रंथालयात पोचवला. साडेपाचशेच्या वर ग्रंथ आहेत. म्हणजे एका घराण्याची हौस, दुसऱ्याची राखण आणि एका डॉक्टरचे पैसे. इतिहास आटोपला, आता शब्दाकडे येऊ.

'दप्तर' या संग्रहाला चालणार नाही. दप्तर म्हणजे कारभाराचे कागद. पुण्याचं पेशवे दप्तर, त्यातले रुमाल, ताळेबंद, पत्रं. व्हॉनने कविता, कथा, कायदे, वंशावळी जमवल्या, शेतसाऱ्याच्या पावत्या नव्हेत. पण हा शब्द इतक्यात सोडू नका, कारण मजा पुढेच आहे. दप्तर आलं फारसी 'दफ्तर'वरून, आणि त्याचं मूळ ग्रीक 'दिफ्थेरा'. दिफ्थेरा म्हणजे कातडं! हेरोडोटस लिहून गेला आहे की आयोनियातले ग्रीक पुस्तकांना जुन्या सवयीने 'कातडी'च म्हणतात, कारण पपायरस मिळत नसे तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरने घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला नाव दिलं, तेही याच शब्दावरून. तोच डिप्थेरिया, आपला घटसर्प. म्हणजे आपलं पोर दंडावर डिप्थेरियाची लस टोचून घेतं आणि पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जातं, तेव्हा एकच ग्रीक बकरी त्याच्या पुढे-मागे चालत असते.

आणि पोथी? तीही कातडंच!

पोथी आली प्राकृत 'पोत्थिआ'तून, ती संस्कृत 'पुस्तिके'तून. इथवर सगळे कोश सुखाने नांदतात. पण पुस्तक, पुस्तिका यांतला 'पुस्त' कुठून आला? वेदांत तो नाही. संस्कृतात उशिरा उगवतो. जुन्या इराणी भाषांत मात्र 'पोस्त' आहे, अर्थ कातडं, साल. आजच्या फारसीतही आहे. मेंढीच्या कातड्याचा डगला तो पोस्तीन. अफूच्या बोंडाच्या टरफलाला पोस्त म्हणतात तेही तेच. वायव्येकडून व्यापारी, कारकून आले, कातड्यावर लिहिलेले कागदपत्र घेऊन आले, आणि त्यांच्याबरोबर शब्द आला. माझ्या मते हे इतकं सरळ आहे की वाद घालायचं कारणच नाही.

अर्थात वाद घालणारे आहेतच. एक पंडित मला धातुपाठ दाखवतात: 'पुस्त आदरानादरयोः'. पुस्त् या धातूचा अर्थ आदर करणे आणि अनादर करणे. दोन्ही! आता ज्या धातूला आपण नमस्कार करतोय की लाथ मारतोय हेच ठरवता येत नाही, त्याच्यातून ग्रंथालयं उभी करायची? हा धातू 'पुस्तक' शब्दाची सोय लावण्यासाठी मागाहून घडवला, असा मला दाट संशय आहे. दुसरे एक अभ्यासक अमरकोशातला 'पुस्त' पुढे करतात, मातीच्या, लेपाच्या कामाचा. तो शब्द खरा आहे. पण मूर्तीवर लेप देण्यापासून ग्रंथापर्यंत पोचायला जी कसरत करावी लागते ती त्यांनी अजून मला करून दाखवलेली नाही. इराणी मूळ म्हटलं की काही जणांच्या पोटात दुखतं, एवढाच त्यातला अर्थ. पानाफुलांतून, भूर्जातून शब्द आलेला चालतो, कातड्यातून आलेला चालत नाही.

हे दुखणं मी घरात पाहिलं आहे. श्रावणात आजी पोथी वाचायची. तांबड्या फडक्यात बांधलेली, सुट्या पानांची, वरखाली लाकडी पाट्या. मी मुंजीत मिळालेलं घड्याळ मिरवत तिला पान उलटायला मदत करायला गेलो की ती हात झटकायची. 'पट्टा काढून ठेव आधी, चामड्याचा आहे. मग पोथीला हात लाव.' मी पट्टा काढायचो. पुढे कॉलेजात 'पोस्त' सापडला तेव्हा पहिला विचार आला तो आजीला सांगण्याचा. नाही सांगितलं. नाहीतरी तिने मृगाजिनाचा दाखला देऊन मलाच गप्प केलं असतं.

आता वेल्समध्ये काय झालं बघा, ताई. तिथे हे ग्रंथ खरोखरच कातड्यावर आहेत. (कृपा करून 'कमावलेल्या चामड्यावर' लिहू नका. कमावलं की त्याची चप्पल होते. हे कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवलेलं असतं. मराठीत चर्मपत्र म्हणा.) हवेल द्दा या राजाच्या नावाने चालत आलेल्या कायद्यांची तेराव्या शतकातली सचित्र लॅटिन प्रत या संग्रहात आहे. त्या कायद्यांत बीव्हर, मार्टेन आणि अर्मिन यांच्या कातड्यांवर राजाचा हक्क सांगितला आहे, कारण त्याच्या कपड्यांची किनार त्यांची. कातड्यावर लिहिलेला कातड्याचा कायदा! इतकं करून वेल्श लोक पुस्तकाला काय म्हणतात? 'ल्हिव्हर'. हा लॅटिन 'लिबेर'. आणि लिबेरचा मूळ अर्थ झाडाची आतली साल.

म्हणजे त्यांनी कातड्यावर लिहिलं आणि त्याला साल म्हटलं. आपण ताडाच्या पानावर, भूर्जाच्या सालीवर, कागदावर लिहिलं, आणि त्याला कातडं म्हटलं. दोघांच्याही तोंडी दुसऱ्याची वस्तू. हे सुचल्यापासून मी भेटेल त्याला सांगतो आहे. घरचे आता पाहुणे आले की मला बाजारात पिटाळतात.

कातड्याचा गुण असा की ते खरवडता येतं, पण पुरतं विसरत नाही. या संग्रहातला पहिल्या क्रमांकाचा ग्रंथ म्हणजे कार्मार्थनचं काळं पुस्तक, साधारण १२५० सालचं, चोपन्न पानांचं, हातात मावेल एवढं. काळं म्हणजे बांधणी काळी. सोळाव्या शतकाच्या शेवटी ते जॅस्पर ग्रिफिथ नावाच्या मालकाकडे होतं. मधल्या पिढ्यांनी समासात लिहिलेल्या ओळी, काढलेली चित्रं त्याने, बहुधा त्यानेच, खरवडून साफ केली. २०१५ साली केंब्रिजच्या दोन अभ्यासकांनी अतिनील प्रकाशात पानं धरली तर समासातून चेहरे वर आले. डोळे, नाक, चक्क बघताहेत आपल्याकडे. मुलांना हे आधी सांगा, वंशावळी नंतर.

आणि याच पुस्तकामुळे माझ्या 'पोथी'ला जरा धक्का बसतो, तोही सांगून टाकतो. ते बहुधा एकाच लेखनिकाने बऱ्याच काळात मिळेल तशा कविता टिपत तयार केलं असावं. कुठे अक्षर टपोरं, पानात जेमतेम ओळी, कुठे बारीक आणि दाटीचं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बाड. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडं कपाटं भरून आहेत. शिवलेली, एकाच्या हातची, अभंगाशेजारी आरती. तेव्हा काळ्या पुस्तकाला बाड म्हणा, बाकीच्यांना पोथ्या. ऱ्हदेर्खचं पांढरं पुस्तक, तालिएसिनचं पुस्तक, या पोथ्याच. 'पोथी म्हणजे धार्मिकच' असं कोणी म्हणालं तर त्याला पोथीशाळेचा आणि पोथीपंडिताचा अर्थ विचारा. 'हस्तलिखित' चुकीचं नाही. वेल्श 'ल्हाऊइस्ग्रिव्ह'ही तसाच आहे, 'ल्हाऊ' म्हणजे हात आणि 'इस्ग्रिव्ह' म्हणजे लेखन. पण छापखाना आल्याशिवाय 'हाताने लिहिलेलं' असं मुद्दाम सांगायची गरज कोणाला पडली असती? उशिराचा शब्द आहे, सरकारी फायलीत शोभतो.

जतन की संवर्धन? जतन. संवर्धन म्हणजे वाढवणं. झाडांचं करा, गाईंचं करा, १२५० सालच्या पोथीचं संवर्धन केलंत तर ग्रंथपाल पोलिसांना बोलावतील. जतन हा 'यत्न'च आहे. आपले लेखनिक पोथीच्या शेवटी लिहायचे: पाठ, कंबर, मान मोडून, खाली तोंड घालून कष्टाने लिहिलं आहे, 'यत्नेन परिपालयेत्'. पाणी, आग, चोर आणि उंदीर यांच्यापासून सांभाळा असंही बजावायचे. उंदीर उगाच नव्हते त्या यादीत. पेन्यार्थ संग्रहातच चॉसरच्या कँटरबरी कथांची एक फार जुनी इंग्रजी प्रत आहे, 'हेंगुर्ट चॉसर'. तिच्या कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत. कातडंच ते, त्यांना काय.

नावांचं राहिलं. वेल्श जोड-एलचा उच्चार करायला जीभ 'ल'ला लावा आणि नुसती फुंकर सोडा. मराठीत जवळचं म्हणजे 'ल्ह', तिबेटच्या ल्हासासाठी आपण वापरतोच. आणि 'ऱ्ह' तर आपल्याकडे आयता आहे, 'ऱ्हास'मधला. हिंदीत लिहायला बसलात असतात तर रडला असतात. हेंगुर्टमध्ये डब्ल्यू दिसतो, पण तो स्वर आहे, 'उ'. शब्द 'हेन' अधिक 'कुर्ट', समासात क चा ग झाला. कुर्ट म्हणजे वाडा, हेन म्हणजे जुना. हा हेन आपल्या ऋग्वेदातल्या 'सन'चा, जुना या अर्थाच्या शब्दाचा, सख्खा भाऊ. 'सनातन' त्याच घरातला. 'स'चा 'ह' फारसीतही होतो, सप्ताचा हफ्ता आणि आपल्याकडे येऊन बँकेचा हप्ता. वेल्शमध्ये तो सगळीकडे होत नाही, साताला ते 'सैथ'च म्हणतात, पण मिठाला 'हालेन' म्हणतात. यावर बोलायला मला आणखी चार पानं लागतील. तेव्हा माहितीपत्रकात सरळ 'हेंगुर्ट, म्हणजे जुना वाडा' एवढं लिहा.

छापायला देण्याआधी मजकूर मला एकदा पाठवा. तो खर्डाच असेल, त्याला खुशाल पांडुलिपी म्हणा.