नफा आहे, मग खात्यात पैसे का नाहीत?

तुम्ही विचारलंय की कारखाना नफ्यात असूनही पगाराच्या वेळी खात्यात खडखडाट का असतो आणि येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे, वाढण्याचा त्याच्याशी काय संबंध. मी भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब सांभाळतो. आम्ही यातून गेलोय, म्हणून आकड्यांनीच सांगतो.

आमची विक्री महिन्याला ५० लाखांची, १८ टक्के जीएसटी धरून बिलं ५९ लाखांची. माल मुख्यतः एकाच मोठ्या कंपनीला जातो. तिचे पैसे ४५ दिवसांत यायचे, ते हळूहळू ७५ दिवसांवर गेले. येणी ८८.५ लाखांवरून १४७.५ लाखांवर पोचली. वर्षाचा नफा ४८ लाख, आणि येण्यांत जास्तीचे अडकले ५९ लाख! बिल फाडलं की विक्री धरली जाते, पैसे मागाहून येतात. म्हणून रोख प्रवाहाच्या पत्रकात येण्यांतली वाढ नफ्यातून वजा होते.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. येणी मोठी आहे एवढ्याने त्या वर्षीची रोकड घटत नाही, ती वाढली की घटते. उधारी ७५ दिवसांवर स्थिरावल्यावर आमचे महिन्याचे ५९ लाख पुन्हा नियमित येऊ लागले. पण मधे पडलेला खड्डा तसाच राहिला. उधारीचे दिवस कमी होईपर्यंत तो भरत नाही आणि तोवर कॅश क्रेडिटचं, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेकडून उचललेल्या कर्जाचं, व्याज चालूच राहतं. त्यात आमची बँक ९० दिवसांपुढची बिलं ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे माल आणि येणी पाहून किती कर्ज उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही. म्हणजे वसुली लांबली की कर्जाची मर्यादाही नेमकी तेव्हाच आकसते. पोलादवाला, वीजबिल, पगार कुणी थांबत नाही. जीएसटीसुद्धा गिऱ्हाइकाने पैसे दिले नसले तरी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो.

विक्री वाढतानाही हेच होतं. ७५ दिवसांच्या उधारीवर महिन्याची विक्री १० लाखांनी वाढली, तर येणी २९.५ लाखांनी वाढते. नवी ऑर्डर घेण्याआधी हा गुणाकार जरूर करा.

उलटा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. एका वर्षी ऑर्डरी निम्म्यावर आल्या आणि खातं मात्र भरलं. मालक नवं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायला निघाले. मी येण्यांची यादी पुढे ठेवली: खात्यात आलेले पैसे ही सगळी जुन्या बिलांची वसुली होती, मागून येणारी बिलं निम्मीच होती. मशीन थांबवलं. अडीच महिन्यांत ओघ आटला तेव्हा तेच पैसे पगाराला लागले.

तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या आणि तो क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. २०२३-२४ पासून तर अशी थकबाकी गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते, त्यामुळे मार्चमध्ये फोन लवकर उचलले जातात. पण त्याआधी आपलं घर तपासा. आमची कितीतरी बिलं फक्त पीओतला (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरमधला) दर आणि बिलातला दर जुळत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये पडून होती. आता माल गाडीत चढण्याआधी दोन्ही कागद मी स्वतः ताडून पाहतो.