कोपरे पुसट म्हणून लेन्स उघडायला देऊ नका

ज्युपिटर-१२ ही जुनी सोव्हिएत ३५ मिमी लेन्स फुल-फ्रेम (फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्यावर मधला भाग छान, पण कोपरे ओढल्यासारखे आणि कडांना जांभळी झाक, मग लेन्स दुरुस्तीला द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून नका देऊ. मी दिली होती, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

या लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे कोपऱ्यात प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. सेन्सरसमोर मात्र काच असते. सोनी ए७ मालिकेत साधारण २ मिमी, लायकाच्या एम मालिकेतल्या डिजिटल कॅमेऱ्यांत १ मिमीहूनही कमी. काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस मागे सरकतो आणि तिरक्या किरणांसाठी त्याहून जास्त. म्हणजे मध्य जुळला की कोपरे सुटतात.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुरुस्तीवाल्याने माझाच डिजिटल बॉडी लावून पाहिलं, ‘लेन्स आउट आहे’ म्हणाला आणि कोपरे बरे दिसेपर्यंत आतले शिम (भिंगांची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) कमी केले. मिररलेसवर मला काहीच खटकलं नाही, कारण तिथे फोकस स्क्रीनवर बघूनच करतो. फिल्म बॉडीवर मात्र फोकस रेंजफाइंडरने, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून होतो; त्यात दोन प्रतिमा तंतोतंत जुळायच्या आणि निगेटिव्हवर माणूस पुसट, मागची भिंत स्वच्छ. दोन रोल धुऊन आल्यावर ते लक्षात आलं. मूळ शिम परत मागितले तर ‘टाकून दिले’ हे उत्तर, आणि वर पूर्ण बिल! चांगल्या लेन्सची वाट लावून पैसे घेतले, याचा राग अजून गेलेला नाही.

आधी एवढं करा: सपाट विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून एफ/२.८ वर, म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून, फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच खराब असतील तर दोष बहुधा सेन्सरसमोरच्या काचेचा. एकच बाजू खराब असेल तर लेन्सवर शंका घ्या, पण लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा स्वस्त अॅडाप्टर तिरका असला तरी तसंच होतं. खात्री हवी तर तोच फोटो फिल्मवर काढून बघा, एक रोल वाया गेला तरी चालेल. छिद्र लहान करून एफ/८ ला घेतलं की पुसटपणा कमी होतो, जांभळी झाक मात्र तशीच राहते. त्यासाठी त्याच अॅपर्चरला पांढऱ्या अॅक्रिलिकमधून एक फ्रेम घेऊन सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅट-फील्ड दुरुस्ती करा, म्हणजे त्या कोऱ्या फ्रेममधली झाक फोटोतून वजा करा.

सेन्सरची काच पातळ करून घ्या, असंही कुणीतरी सुचवेल. मी ऑप्टिक्सचा इंजिनिअर नाही, पण माझं मत विरोधात आहे. त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्स जाड काच धरूनच आखलेल्या असतात; मग त्यांचे कोपरे बिघडतात. २००६ च्या लायका एम८ मध्ये काच फार पातळ ठेवली, तर इन्फ्रारेड आत शिरून काळे सिंथेटिक कपडे जांभळे यायला लागले आणि लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागला.

भिंतीचा फोटो इथे टाका, चारही कोपरे मोठे करून. बघून सांगतो.